श्वासाची साक्ष

श्रोतेहो, मद्याचा वास आणि राजसत्ता यांचा संबंध ज्याला अभ्यासावयाचा आहे त्याने आमच्या बऱ्हाणपुरास अवश्य यावे. तापीच्या काठावरचा शाही किल्ला आज पडक्या भिंतींनिशी उभा आहे. मुमताजमहालचा मृत्यू इथे झाला, एवढीच त्याची ओळख प्रवाशांना करून दिली जाते. परंतु त्या बेगमेच्या आधी, १६०५ साली, याच शहरात अकबराचा धाकटा मुलगा दानियाल वारला, आणि पुढे १६२६ मध्ये जहांगीराचा मुलगा परवेझ वारला. दोघेही शाहजादे, दोघेही दख्खनच्या सुभ्यावर पाठविलेले आणि दोघांचाही अंत मद्याने ओढवलेला. अकबराचा दुसरा मुलगा मुराद हाही १५९९ मध्ये दख्खनमध्येच त्याच वाटेने गेला होता. एका राजघराण्याची तीन तरुण माणसे अठ्ठावीस वर्षांत बाटलीने नेली. तलवारीने तितकी नेली नाहीत.

दानियालची हकीकत जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात सांगितली आहे. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने खानदेशाचा मुलूख या मुलाच्या हवाली केला आणि त्याच्या नावावरून त्याला ‘दानदेश’ असे नावही दिले. मुलगा हाताबाहेर चालला आहे, हे कळताच बादशहाने ताकीद धाडली, पहारे बसविले. खानखानान अब्दुर्रहीम, तोच आपल्या परिचयाचा रहीम कवी, शाहजाद्याचा सासरा होता. त्याच्या माणसांनी मद्याच्या सगळ्या वाटा रोखून धरल्या. तेव्हा शाहजाद्याने आपल्या एका बंदूकधारी सेवकाची विनवणी केली. त्या माणसाने दोनदा गाळलेली कडक दारू बंदुकीच्या नळीत भरून आणली. नळीत वर्षानुवर्षांचा दारूगोळ्याचा मळ आणि गंज साचलेला. तो त्या द्रवात उतरला. ते प्राशन करून दानियालने जे अंथरूण धरले ते पुन्हा सोडले नाही. वय अवघे बत्तीस. या बंदुकीचे नाव शाहजाद्यानेच मोठ्या हौसेने ठेवले होते आणि त्या नावात तिरडीचा उल्लेख होता. इतिहास कधीकधी इतका उघड बोलतो की, शिक्षकाला टिपण देण्याचे कारण उरत नाही.

दहा वर्षांनी, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरास जाताना बऱ्हाणपुरात थांबला. परवेझ त्या वेळी येथे होता. रोने रिवाजाप्रमाणे नजराणा दिला. त्यात उंची मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. दरबार आटोपल्यावर शाहजादा आपल्याशी खासगीत बोलणार, अशी त्याला आशा दाखविली गेली. तो वाट पाहत बसला, आणि थोड्या वेळाने निरोप आला की आता भेट होणे नाही. शाहजादा आत जाऊन त्या पेटीवर तुटून पडला होता व बोलण्याच्या स्थितीत राहिला नव्हता. रोने हे आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे. आपल्याच नजराण्याने आपलेच काम बिघडविले, हे त्याला चांगलेच समजलेले दिसते.

आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद मात्र पुढच्या वर्षीची, अजमेरची आहे. जहांगीर स्वतः दोनदा गाळलेल्या मद्याचे वीस वीस प्याले रिचवीत असे. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. गादीवर येताच त्याने जी बारा फर्माने काढली त्यांत मद्य तयार करणे व विकणे यांवर बंदी होती, आणि त्याच ठिकाणी आपण अठराव्या वर्षापासून पीत आलो आहो अशी कबुलीही होती. अशा या बादशहाच्या खासगी दिवाणखान्याच्या दारावर कोणता पहारा असे? रो लिहितो की, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाचा वास द्वारपाल घेत आणि घोटभर मद्याचाही वास आला तर त्याला परत लावीत. गैरहजेरीचे कारण बादशहाच्या कानावर गेले तर चाबूक चुकणे कठीण. एकदा तर बादशहाने रात्रीच्या मेजवानीत सर्वांना पिण्याची आज्ञा केली. दुसऱ्या दिवशी त्याला त्याचा विसर पडला, आणि आज्ञा तुमचीच होती असे म्हणण्याची कोणाची छाती होईना. कित्येकांना दंड झाला आणि कित्येकांना चाबकाचा मार बसला.

श्वास हा नशेचा पुरावा म्हणून राज्यसत्तेने दाराशीच अडवून मागण्याचे हे आपल्या देशातील एक जुने उदाहरण होय. त्यातले दोष आजच्या कायद्याकडे पाहण्यासाठी उपयोगी आहेत. द्वारपालाचे नाक हे माप नव्हे. त्याला वास कळतो, प्रमाण कळत नाही. त्या द्वारपालाला आज सर्दी आहे की नाही, त्याचे आणि येणाऱ्या सरदाराचे वैर आहे की नाही, यावर सरदाराची पाठ अवलंबून. आणि सर्वांत मोठा दोष हा की, वास सर्वांच्या तोंडाचा घ्यावयाचा, बादशहाच्या तोंडाचा सोडून.

आता घोड्यांचे युग संपून यंत्रांचे युग आले तेव्हा काय झाले ते पाहू. इंग्लंडच्या १८७२ च्या मद्यविक्री परवान्यांच्या कायद्यात एक मजेदार वाक्य आहे. रस्त्यावर गाडी, घोडा, गुरेढोरे अथवा वाफेचे इंजिन आपल्या ताब्यात असताना जो झिंगलेला आढळेल त्याला शिक्षा. म्हणजे मोटार जन्मण्यापूर्वीच तिच्या चालकासाठी कलम तयार होते; बैल हाकणारा आणि वाफेचे इंजिन चालविणारा एकाच ओळीत बसविले होते. १८९७ साली लंडनमधील विजेवर चालणाऱ्या एका भाड्याच्या मोटारीच्या चालकाने गाडी एका इमारतीवर नेऊन आदळली आणि आपण पिऊन होतो असे न्यायालयात कबूल केले. मोटार हाकताना मद्यधुंद असल्याबद्दल दोषी ठरलेला तो पहिला माणूस समजला जातो. त्याने कबूल केले म्हणून खटला सोपा झाला. नाकबूल करणाऱ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न पुढची सत्तर वर्षे पुरला.

आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या कलम ११७ ची भाषा अशी होती की, मद्याच्या किंवा मादक द्रव्याच्या अमलाखाली, वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतक्या अवस्थेत, जो वाहन चालवील तो शिक्षेस पात्र. ‘इतक्या अवस्थेत’ या शब्दांत सगळी मेख होती. किती अवस्थेत? हे ठरविणार कोण? पोलीस म्हणणार, झोकांड्या जात होत्या. वैद्य म्हणणार, तोंडाला वास होता, बुबुळे विस्फारलेली होती, जीभ जड झाली होती. आणि वकील विचारणार की, नुकत्याच झालेल्या अपघाताने हादरलेल्या माणसाची जीभ जड व्हावयाची नाही तर काय हलकी होणार? प्रश्न खोटा नव्हता.

याच सुमारास आमच्या सीमेवर एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात आणि पलीकडचे रावेर व जळगाव मुंबई राज्याच्या पूर्व खानदेशात. जुना फारुकी खानदेश एक, पण त्याच्या राजधानीला एक कायदा आणि तिच्या शेतशिवाराला दुसरा. या बाजूला पोटात असलेले मद्य त्या बाजूला गेल्याबरोबर, गाडी चालविली असो वा नसो, अपराध ठरण्याची शक्यता. त्या कायद्यात ख्रिस्ती उपासनेच्या द्राक्षारसासाठी परवान्याची सोय होती, एवढे आमच्या समाजापुरते नमूद करतो. पण औषधांचे काय? १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवर बंदी घालणारा या कायद्याचा भाग घटनेत बसत नाही. हा निर्णय कागदावर साधा वाटतो, पण रस्त्यावर त्याने मोठी अडचण केली.

त्याच वर्षी, मे महिन्यात, मुंबईत रात्रीच्या वेळी एका जीपगाडीने तिघांना धक्का देऊन पाडले. जीप चालविणारे गृहस्थ कोण? मुंबई विभागाच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या जागेवर त्या वेळी काम पाहणारे अधिकारी. ज्यांच्या सहीने इतरांना गाडी चालविण्याचे परवाने मिळावयाचे, त्यांच्याच तोंडाला मद्याचा वास येत होता. त्यांनी सांगितले की, आपण जेवणानंतर मद्यार्क असलेले एक औषध घेतले होते. दंडाधिकाऱ्याने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली दोषी धरले. आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांना निर्दोष ठरविले. त्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत आहे, आपल्याला ते नको. न्यायालयाचा मुद्दा तर्कशुद्ध होता. औषध घेणे अपराध नसेल, तर पोटात गेलेले मद्य औषधातले नव्हते हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. आणि वास हा ताडीचा की टॉनिकाचा, हे नाक सांगू शकत नाही. अजमेरच्या द्वारपालाची विद्या येथे संपली.

या निकालानंतर, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने आपल्या दारूबंदी कायद्यात नवी कलमे घातली. नशेचा संशय असलेल्या माणसाला नोंदणीकृत वैद्यापुढे न्यावे, त्याचे रक्त काढावे आणि रक्तात शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळला तर, ते औषधाचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. आणि जर त्याने हात पुढे केला नाही तर? तेही कायद्याने सांगितले: प्रतिकार झाल्यास आवश्यक तेवढे बळ वापरणे कायदेशीर राहील. स्त्री असल्यास तपासणी स्त्रीवैद्याकडून. श्रोतेहो, नकाराचा प्रश्न येथे प्रथमच आपल्या कायद्यात इतक्या स्पष्टपणे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर ‘बळ’ असे दिले गेले.

या उत्तराने मला अस्वस्थ वाटते, हे सांगून टाकतो. सुई आणि दंड धरणारे चार हात हे चित्र सुसंस्कृत राज्याचे नाही. आपल्या घटनेच्या विसाव्या अनुच्छेदात म्हटले आहे की, कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडले जाणार नाही. मग त्याचे रक्त त्याच्याविरुद्ध बोलते तेव्हा कोण बोलते? या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा निर्णय १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी काठी कालू ओघड खटल्यात दिला. तेथे प्रश्न हस्ताक्षराचा व बोटांच्या ठशांचा होता. न्यायालय म्हणाले की, साक्षीदार होणे म्हणजे आपल्या ठायी असलेले ज्ञान दुसऱ्याला सांगणे. बोटाचा ठसा काही सांगत नाही. तो असतो तसा असतो, मनाला वाटले म्हणून बदलता येत नाही. ही भेदरेषा पुढे टिकली. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात याच न्यायालयाने सक्तीचे नार्को-विश्लेषण घटनाबाह्य ठरविले, कारण तेथे माणसाच्या मनातले ज्ञान औषध घालून बाहेर ओढले जाते. फुफ्फुसांना मात्र आपण काय सांगत आहोत याची कल्पना नसते.

१९६३ मध्ये प्रत्यक्ष खानदेशातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मोटारीचा अपघात, चालकावर पिऊन असल्याचा आरोप आणि रक्ताची तपासणी. परंतु रक्त काढले गेले ते १९५९ च्या कलमांत सांगितलेल्या पद्धतीने नव्हे. चालकाच्या वतीने म्हणणे असे की, कायद्याने एकच दार ठेवले आहे, त्या दाराने न आलेला पुरावा बाहेरच राहिला पाहिजे. बहुमताने न्यायालयाने हे मानले नाही. त्या कलमाने इतर मार्गांनी मिळालेला पुरावा बंद होत नाही, असे ठरले. देशभरच्या न्यायालयांत हा निर्णय उद्धृत होत आला आहे. खानदेशातल्या एका रस्त्यावरची घटना एवढी दूर गेली, याचे आमच्या भागातल्या फार थोड्यांना भान आहे.

आणि उलट बाजूही पाहा. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मोटारचालकाच्या खटल्यात वैद्याची साक्ष अशी होती की, तोंडाला वास, चाल अस्थिर, बोलणे असंबद्ध, बुबुळे विस्फारलेली. रक्त किंवा लघवी यांची तपासणी झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, एवढ्यावर मद्यपान सिद्ध झाले असे मानता येत नाही. म्हणजे तपासणी ही केवळ सरकारचे हत्यार नव्हे. ज्याने प्याली नाही, पण जो अपघाताच्या धक्क्याने थरथरत आहे, त्याची तीच ढाल आहे. ही गोष्ट सांगितली जाते त्यापेक्षा अधिक वेळा सांगितली गेली पाहिजे.

मधल्या काळात शास्त्राने नाकाची जागा घेतली होती. स्वीडनच्या विडमार्क या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये आपल्या ग्रंथात रक्तातील मद्यार्काचे गणित मांडले. पोटातून रक्तात मद्य कसे चढते आणि यकृत ते कसे उतरविते, हे त्याने मापले. १९३६ मध्ये नॉर्वेने रक्तातील प्रमाण ठरवून देऊन त्याच्या वर गेलेला चालक अपराधी, असा कायदा केला. झोकांड्यांची साक्ष लागेना. अमेरिकेत हार्गर नावाच्या प्राध्यापकाने फुगा फुगवून घेऊन श्वासातला मद्यार्क मोजण्याचे उपकरण तयार केले, आणि १९५४ मध्ये बोर्केन्स्टाइनने सुटसुटीत यंत्र बनविले. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचे पिवळे द्रावण मद्यार्काच्या वाफेने हिरवट होते व रंग किती उतरला यावरून प्रमाण कळते. आमच्या शाळेच्या रसायनाच्या कपाटातही ते नारिंगी स्फटिक आहेत. मुलांना ही क्रिया सांगितली की वर्ग जागा होतो. तत्त्व एवढेच की, फुफ्फुसाच्या खोल भागात रक्त आणि हवा यांची गाठ पडते, आणि रक्तात जितका मद्यार्क, त्याच्या ठराविक हिश्शाने तो श्वासात येतो. रक्ताच्या एका भागात जेवढा, तेवढा श्वासाच्या सुमारे एकवीसशे भागांत, असे प्रमाण धरले जाते. आजची यंत्रे बहुधा विजेच्या घटावर चालतात, पण गणित तेच.

आता नकार. न्यूयॉर्क राज्याने १९५३ मध्ये एक युक्ती काढली. रस्ता सार्वजनिक, परवाना सरकारी. जो परवाना घेऊन रस्त्यावर येतो त्याने तपासणीस संमती दिलेली आहे असे धरून चालावयाचे. नकार द्यावयाचा तर द्या, परवाना ठेवून जा. सुई नाही, बळ नाही. ब्रिटनने १९६७ मध्ये रक्ताच्या १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, रस्त्यावर श्वास मागण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि योग्य कारणावाचून नमुना न देणे हाच अपराध ठरविला. त्या वेळच्या वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांना स्वतःला मोटार चालविता येत नव्हती, यावरून त्यांच्यावर पुष्कळ तोंडसुख घेतले गेले. मला तर वाटते की, रस्त्याचा विचार पादचाऱ्याने केला यात वाईट काहीच झाले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या बाबतीत एक बारीक रेषा ओढली: अटकेनंतर श्वास मागण्यास न्यायाधीशाचा हुकूम नको, रक्त मागण्यास तो हवा; आणि केवळ रक्त नाकारले म्हणून फौजदारी शिक्षा करता येणार नाही. श्वास हवेत जाणाराच असतो. रक्त शरीर भेदून घ्यावे लागते.

आपला आजचा कायदा १९८८ चा. त्याचे कलम १८५ मूळ स्वरूपात फार कडक होते. रक्तात कितीही अल्प मद्यार्क आढळला तरी अपराध. वाचावयास हे आदर्श वाटते. पण द्राक्षासव घेणारा वृद्ध वैद्य, खोकल्याचे औषध घेणारी शिक्षिका किंवा पहाटेच्या उपासनेत द्राक्षारसाचा घोट घेऊन मोटारसायकलीवर दुसऱ्या खेड्यात जाणारा धर्मगुरू, हे तिघेही त्या शब्दांच्या जाळ्यात येत होते. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आली. ब्रिटनच्या आकड्याशी तुलना केली तर आपली मर्यादा बरीच कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांपर्यंत व पुढच्या अपराधाचा पंधरा हजारांपर्यंत गेला. कारावास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत व पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत.

नकाराविषयी या कायद्याने घेतलेली भूमिका मुंबईच्या १९५९ च्या भूमिकेहून निराळी आहे, आणि माझ्या मते शहाणपणाची आहे. कलम २०३ अन्वये गणवेशातील पोलीस अधिकारी, योग्य संशय असल्यास, चालकाकडून श्वासाचा नमुना त्या जागी किंवा जवळपास मागू शकतो. चालकाने दिला नाही आणि संशयास आधार असेल, तर वॉरंटावाचून अटक. ठाण्यावर कलम २०४ अन्वये वैद्याकडून रक्ताची मागणी. तेथेही नकार दिला तर कलम २०५: योग्य कारण दाखविले नाही तर हा नकार सरकारपक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारी किंवा आरोपीच्या पुराव्याचे खंडन करणारी परिस्थिती म्हणून न्यायालय गृहीत धरू शकते. धरलेच पाहिजे असे नाही, धरू शकते. कलम २०५ नकाराला स्वतंत्र अपराध म्हणत नाही. ते फक्त नकाराला बोलके करते. दमेकऱ्याला यंत्रात फुंकता आले नाही, तर ते योग्य कारण होय. ज्याला वकील मित्राने फोनवर ‘काही देऊ नकोस’ असे सांगितले, त्याचे मौन न्यायालय आपल्या परीने वाचील.

मात्र कायदा शहाणा असून भागत नाही, वेळ धावत असते. यकृत दर तासाला रक्तातून सर्वसाधारणपणे १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅम मद्यार्क काढून टाकते. अपघाताच्या वेळी ज्याच्या रक्तात ५० मिलिग्रॅम होते तो दोन तासांनी २० वर येतो आणि कायद्याच्या दृष्टीने निर्मळ ठरतो. हे ओळखूनच कायद्याने तपासणी लवकरात लवकर मागावी, असे बंधन घातले आहे. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला सोडावे लागते. शहरात हे जमते. पण खकनारच्या बाजूला एखाद्या आडरस्त्यावर रात्री अपघात झाला, तर पोलीस पोहोचणार केव्हा, यंत्र येणार केव्हा आणि वैद्य भेटणार कोठे? तेथे चालकाला नकार देण्याचीही गरज पडत नाही. घड्याळच त्याच्या वतीने नकार देते.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. इंदूरहून इच्छापूरमार्गे महाराष्ट्रात जाणारा रस्ता बऱ्हाणपुरातून जातो. केळीचे ट्रक, यंत्रमागांवरची रात्रपाळी संपवून सायकलीने घरी जाणारे विणकर आणि सकाळी पाठीवर दप्तर घेऊन कडेने चालणारी आमची मुले यांचा हा एकच रस्ता. डोंगराळ भागातल्या आदिवासी कुटुंबांना मोहाची दारू घरगुती वापरापुरती गाळण्याची सवलत मध्यप्रदेशात आहे, आणि ती काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही. मोहाला त्यांच्या लग्नकार्यात व पूजेत स्थान आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात जुना मुंबईचा कायदा आपल्या परवान्यांसह अजून उभा आहे. पिण्याविषयीचे कायदे असे दोन्ही बाजूंना निराळे. चाकामागे बसण्याविषयीचा मात्र एकच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निर्णय दिला तेव्हा पुष्कळ दुकानांना जागा बदलाव्या लागल्या. पुढे लहान गावांसाठी अंतर २२० मीटर झाले व शहरांच्या हद्दीला सूट मिळाली. दुकान मागे सरकले तरी गाडी रस्त्यावरच येते, म्हणून श्वासाची तपासणी अखेर रस्त्यावरच करावी लागते.

अजमेरच्या दारावर श्वास हुंगला जाई तेव्हा आतला बादशहा त्या नियमाच्या बाहेर होता. आजच्या कलमात असा कोणी बाहेरचा नाही. परवाना देणारा अधिकारीही नाही आणि गणवेशातला पोलीसही, सुट्टीच्या रात्री स्वतःची गाडी चालवीत असताना, नाही. यंत्राचा आकडा वाचता येतो आणि न्यायालयात त्याला उलट प्रश्न विचारता येतो. यंत्र जुने असेल, त्याची वेळच्या वेळी पारख झालेली नसेल, तर तेही तेथे उघडे पडते. अजमेरच्या द्वारपालाला कोणी उलट प्रश्न विचारला नव्हता.

एक शेवटची तरतूद सांगतो. जखमी चालक रुग्णालयात दाखल असेल, तर पोलिसाने श्वास अथवा रक्त मागण्यापूर्वी त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्याला आधी कळवावयाचे असते. तपासणीने रोग्याच्या उपचारास बाध येईल असे वैद्याने म्हटले, तर पोलिसाला थांबावे लागते. त्या खाटेवरच्या माणसाला तो रुग्णालयात आहे तोवर, श्वास नाकारला म्हणून, वॉरंटावाचून अटकही करता येत नाही.